कित्ता आणि फाँट

लिपी, चित्र आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधांवर आपल्याकडे चर्चासत्रे होतात, तेव्हा एक तुलना हमखास कानांवर पडते. पडद्यावर एका बाजूला कुंचल्याने लिहिलेली चिनी अक्षरे दाखवली जातात. दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिकेवर शोभेल असा एखादा लफ्फेदार इंग्रजी फाँट. मग निष्कर्ष सांगितला जातो. चिनी अक्षरात लिहिणाऱ्याचा श्वास आहे, क्षण आहे, आत्मा आहे. पाश्चात्त्य टंकात केवळ या साऱ्याचे सोंग आहे. पूर्वेने अक्षर जगले, पश्चिमेने ते विकले. श्रोते मान डोलावतात आणि चहाची सुटी होते.

हा निष्कर्ष मीही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो, हे आधीच कबूल करतो. आत्माविष्काराची संकल्पना शिकवताना तो फार सोयीचा पडतो. एकदा एम.ए.च्या वर्गात वांग शीझीच्या लानतिंग प्रस्तावनेचे चित्र दाखवून मी 'त्या एका क्षणाचा ठसा' वगैरे बोलत होतो. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे मूळ हस्तलिखित कुठल्या संग्रहालयात आहे?" खरे उत्तर 'कुठेच नाही' असे होते. मला ते ठाऊकही होते. परंतु इतकी वर्षे ते मी माझ्याच विवेचनाच्या आड येऊ दिले नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम या तुलनेतील अगदी उघड दोष पाहू. ती मुळात विजोड आहे. एका बाजूला हाताने लिहिलेले अक्षर आणि दुसऱ्या बाजूला कोणीही कोठेही उमटवावे म्हणून घडवलेला टंक घेतला, तर पहिल्यात जिवंतपणा आणि दुसऱ्यात ठरावीकपणा आढळणारच. तुलनेला न्याय द्यायचा तर वांग शीझीच्या समोर लुदोविको आरिगी हवा. रोममध्ये 1522 साली त्याने तिरप्या इटालियन हस्ताक्षराचा कित्ता छापून प्रसिद्ध केला. त्याचप्रमाणे पाश्चात्त्य हस्ताक्षरी टंकासमोर चिनी छापील टंक ठेवायला हवा. चिनी पुस्तकांत सर्रास दिसणाऱ्या, 'सोंग' वंशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणात आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड आणि आडव्या रेघेच्या टोकाला एक त्रिकोणी गाठ असते. हे वळण लाकडी ठोकळे कोरणाऱ्यांच्या सुरीतून पक्के झाले. त्यात श्वास शोधायला आपण जात नाही, कारण ते आपल्या निष्कर्षाला अडचणीचे आहे.

पण जोड्या नीट लावल्या की प्रश्न सुटला, असेही नाही. खरी अडचण वांग शीझीपाशीच सुरू होते.

इ.स. 353 च्या वसंतात, आजच्या झेजियांग प्रांतातील शाओशिंगजवळ, लानतिंग येथे चाळीसच्या वर मंडळी जमली होती. वाहत्या पाण्यावर मद्याचे पेले सोडायचे आणि पेला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, असा खेळ होता. त्या कवितांना वांग शीझीने प्रस्तावना लिहिली. ती 28 ओळींची व 324 अक्षरांची असून तीत खाडाखोडही आहे. शुद्धीवर आल्यावर त्याने ती पुन्हा पुन्हा लिहून पाहिली, परंतु पहिल्यासारखी साधली नाही, अशी आख्यायिका आहे. क्षणाचे माहात्म्य सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

तथापि या गोष्टीचा उत्तरार्धही आहे. तांग सम्राट ताइझोंग याला वांगच्या अक्षराचे विलक्षण वेड होते. त्याने हे हस्तलिखित मिळवले, दरबारातील कुशल लोकांकडून त्याच्या प्रती करवून घेतल्या आणि 649 साली तो वारला तेव्हा मूळ प्रत त्याच्याबरोबर पुरली गेली, असे परंपरा सांगते. आपण पडद्यावर दाखवतो ती बहुधा बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयातील, फेंग चेंगसू याच्या नावावर असलेली प्रत असते. अशा प्रती करण्याची एक रीत होती: मूळ कागदावर पातळ कागद ठेवून प्रत्येक फटकाऱ्याची बाह्यरेषा अतिशय बारकाईने काढायची आणि मग ती पोकळी शाईने भरायची. ज्या अक्षरात आपण वेग वाचतो, ते अशा वेळी अत्यंत सावकाश, बाहेरून आत भरलेले असते. अन्य परंपरा दगडावरची आहे: अक्षरे शिळेत कोरायची आणि ओल्या कागदावर शाई थापून त्यांचे ठसे घ्यायचे. 1965 साली को मोरो यांनी तर ही प्रस्तावना वांगची नव्हेच, असा वाद उभा केला आणि तेव्हाच्या चिनी विद्वानांत त्यावर घनघोर चर्चा झाली. म्हणजे ज्या कृतीला आपण उत्स्फूर्ततेचे शिखर मानतो, ती दीड हजार वर्षांच्या बहुतांश काळात नकलेच्या नकलेतूनच पाहिली गेली आहे.

येथे वॉल्टर बेन्यामिनचे स्मरण होणे साहजिक आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते, हे त्याचे 1930 च्या दशकातील प्रतिपादन आपण सूत्रासारखे शिकवतो. लानतिंगच्या बाबतीत उलटे घडले. मूळ वस्तू नाहीशी झाली आणि प्रतींनीच वलय वाढवले. बेन्यामिन छायाचित्र आणि चित्रपट यांविषयी बोलत होता, त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे सूत्र चीनवर न तपासता चिकटवणाऱ्या आपल्याला आहे.

आता याहून अडचणीचे उदाहरण. ह्युएन त्संग हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा हाच तो यात्रेकरू. 645 साली तो भारतातून ग्रंथ घेऊन परतला आणि त्यांचे चिनी भाषांतर करू लागला. त्या भाषांतरांना सम्राट ताइझोंगने प्रस्तावना लिहिली. ती शिळेवर कोरायचे ठरले, तेव्हा अक्षर कोणाचे घ्यावे? सम्राटाला प्रिय असलेल्या वांग शीझीचे. पण वांग तर तीनशे वर्षांपूर्वीच वारला होता.

ह्वायरेन नावाच्या भिक्षूने यावर जो उपाय काढला, तो अक्षरांच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. वांगच्या उपलब्ध लेखनातून एकेक अक्षर त्याने शोधून काढले, लहानमोठी अक्षरे मापात बसवली आणि जे अक्षर कोठेच सापडले नाही ते दोन-तीन अक्षरांचे अवयव जोडून तयार केले. या कामात त्याची कित्येक वर्षे गेली. 672 साली चांगआन नगरीत, म्हणजे आजच्या शिआनमध्ये, ती शिळा उभी राहिली. आज ती तेथील शिलालेखांच्या संग्रहालयात आहे. जो मजकूर वांगने कधी लिहिला नाही, वाचला नाही, जो त्याच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता, तो वांगच्या अक्षरात लिहिलेला आपल्यासमोर आहे.

या गोष्टीला आपण काय म्हणणार? सुटी अक्षरे, आधीच घडलेली, कोणत्याही मजकुरात जुळवता येण्याजोगी, मूळ लिहिणाऱ्याच्या गैरहजेरीत वापरलेली. टंकाची व्याख्या याहून वेगळी आहे काय? गुटेनबर्गच्या पावणेआठशे वर्षे आधी चीनने एका थोर हस्ताक्षराचा, व्यवहारतः म्हणावे तर, फाँट तयार केला होता. आणि गंमत अशी की चिनी परंपरेला यात सोंग दिसले नाही. वांगचे वळण शिकण्यासाठी शतकानुशतके जे नमुने वापरले गेले, त्यांत या शिळेचे ठसे अग्रभागी आहेत.

येथे जाणकार हरकत घेतील. ते म्हणतील, लानतिंग सोडा. यान झेनछिंगकडे पाहा. हरकत रास्त आहे. आन लुशानच्या बंडात यानच्या पुतण्याचा बळी गेला. त्याचे केवळ शिर हाती लागले. 758 साली यानने त्याच्यासाठी श्राद्धप्रसंगीच्या निवेदनाचा मसुदा लिहिला. तो तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा-संग्रहालयात असून त्याच्या स्वतःच्या हातचा मानला जातो. कुंचला शाईत बुडवल्यावर अक्षरे ओली-जाड येतात, मग शाई संपत जाते, अक्षरे कोरडी आणि फाटकी होतात, तरी हात थांबत नाही. शब्द खोडले जातात, बाजूला दुसरे लिहिले जातात. 2019 साली हा कागद टोकियोतील प्रदर्शनाला उसना दिला, तेव्हा तैवान आणि चीन दोन्हीकडे केवढा क्षोभ झाला! दुःखाचा असा आलेख कोणत्याही टंकात उतरणार नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण का उतरणार नाही, हे नेमके सांगायला हवे. 'आत्मा' म्हणून हात झटकता येणार नाहीत. उत्तर लानतिंगमध्येच सापडते. त्या प्रस्तावनेत 'झी' हे अक्षर सुमारे वीस वेळा येते. हे आपल्या 'चा-ची-चे' सारखे काम करणारे अक्षर. वांगच्या नावातही शेवटी तेच आहे. जाणकार आवर्जून सांगतात की यांतील कोणतेही दोन 'झी' सारखे नाहीत. याचे कारण लहर नव्हे. आधीचे अक्षर कोठे संपले, पुढचे किती रुंद येणार आहे, ओळीत जागा किती उरली आहे, कुंचल्यात शाई किती आहे, यांवर प्रत्येक 'झी' ठरतो. लिहिलेले अक्षर आपल्या शेजाऱ्यांना ओळखते. टंकातील अक्षराला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. कोणीही आला तरी जुळवून घ्यावे लागते. फरक येथे आहे, आणि तो चीन व युरोप यांच्यातला नाही.

युरोपातील टंककारांना ही अडचण कळत नव्हती, असा जो आपला समज आहे, तो त्यांचा इतिहास न वाचल्यामुळे झालेला आहे. रोबेर ग्रांजों याने 1557 साली लिओंमध्ये फ्रेंच लोकांच्या नित्याच्या हस्ताक्षरावरून खिळे पाडले. मुलांना शिष्टाचार शिकवणाऱ्या पुस्तकांसाठी ते वापरले गेले, म्हणून त्या वळणाला पुढे 'सिव्हिलिते' असे नाव पडले. रोजे एक्स्कोफों याने 1953 साली मार्सेच्या ओलिव्ह ओतशाळेसाठी 'मिस्त्राल' हा टंक आपल्याच हस्ताक्षरावरून घडवला. शिशाच्या सुट्या खिळ्यांतून सलग जोडलेला शब्द उमटावा, ही त्यातली प्रतिज्ञा. त्यासाठी प्रत्येक अक्षराची शेपटी अशा ठिकाणी संपवावी लागते की पुढे कोणतेही अक्षर आले तरी सांधा जुळेल. रोमन लिपीतील 'ओ' किंवा 'व्ही' यांसारखी काही अक्षरे वरच्या अंगाला संपतात, बाकीची बहुतेक तळाशी. एवढ्या एका भेदाने टंककाराची झोप उडते. हा निव्वळ सोंगाचा धंदा असता, तर इतका विचार कोणी केला असता?

हेरमान त्साफ याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तो जन्मभर सुलेखनही करत होता आणि टंकही घडवत होता. संगणकाच्या साहाय्याने 1998 मध्ये त्याने 'त्साफिनो' सिद्ध केला. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपे आहेत आणि शेजारी पाहून रूप बदलण्याची सोय आहे. 'त्साफिनो' हा शब्द रोमन अक्षरांत त्याच फाँटने उमटवला, तर सातही अक्षरे मिळून एकच जोडलेली आकृती प्रकट होते. पाहणारा चकित होतो. पण याच करामतीत टंकाची मर्यादाही उघड होते: ज्या शेजाराची कल्पना रचनाकाराने आधी करून ठेवली आहे, तेवढाच शेजार अक्षराला ओळखू येतो. त्यापुढच्या शब्दांसाठी पुन्हा सर्वसाधारण तडजोड आहे.

चीनही या तडजोडीत मागे नाही. 1980 च्या संगणकीय अक्षरसंचाच्या राष्ट्रीय मानकात 6,763 चिनी अक्षरे आहेत. शू तोंग आणि ची गोंग यांसारख्या नामवंत सुलेखनकारांच्या वळणांवरून फाउंडर या चिनी कंपनीने फाँट काढले आणि ते दुकानांच्या पाट्यांपासून पुस्तकांच्या वेष्टनांपर्यंत सर्वत्र पोहोचले. इतक्या अक्षरांचा संच पुरा करायचा, तर अवयव जुळवण्याचे ह्वायरेनचे काम आजही करावे लागते. पाश्चात्त्य फाँट पाहून नाक मुरडणारे आपले अभ्यासक या फाँटांविषयी अवाक्षर काढत नाहीत.

याचे कारण चीनमध्ये नाही, आपल्यात आहे. अर्नेस्ट फेनोलोसाचा चिनी अक्षरांवरील निबंध एझ्रा पाउंडने 1919 मध्ये प्रसिद्ध केला आणि चिनी लिपी म्हणजे जणू हलती चित्रे, ही समजूत इंग्रजी काव्यविचारात रुजली. वास्तविक बहुसंख्य चिनी अक्षरांत अर्थसूचक अवयवाबरोबर ध्वनिसूचक अवयवही असतो. पाउंडच्या चुकीतून चांगली कविता निघाली, हे खरे. आपण मात्र चूक तेवढी घेतली. पश्चिमेने रंगवलेली गूढ, आत्मनिष्ठ पूर्व आपण पश्चिमेकडूनच आयात केली आणि तीच तिच्या तोंडावर फेकून स्वाभिमान मिरवला. ही तुलना आता स्वतःच एक फाँट झाली आहे: आधी घडलेली, कोणत्याही निबंधात बसणारी, शेजारी कोणते वाक्य आहे याची पर्वा नसलेली.

मग फरक काहीच नाही काय? आहे, पण तो दाखवायला आपल्याच भाषेतले दोन जुने शब्द पुरेसे आहेत: कित्ता आणि गिरवणे. ह्वायरेनची शिळा घडणीने फाँटसारखी आहे, परंतु वापराने कित्ता आहे. तिचे ठसे समोर ठेवून शिकणारा कुंचला हातात घेतो. प्रथम तो अक्षरावर कागद ठेवून गिरवतो, नंतर नुसते पाहून लिहितो. चिनीत या दोन क्रियांना निरनिराळी नावे आहेत. दगडात गोठलेल्या आकारातून त्याला हालचाल परत मिळवावी लागते. कोणता फटकारा आधी, कोठे दाब, कोठे उचल, कोठे वळण? चिनी लिपीत फटकाऱ्यांचा क्रम शाळेपासून ठरलेला असल्यामुळे हे शक्य होते. नक्कल येथे मधला टप्पा आहे. शेवट शिकणाऱ्याच्या हातात आहे. फाँट आकार देतो आणि क्रम स्वतःजवळ ठेवतो. कित्ता आकार देतो तो क्रम मागण्यासाठी.

युरोपातही कित्ता होताच. जॉर्ज बिकम याने लंडनमध्ये 1733 ते 1741 या काळात अनेक लेखननिपुणांची अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून प्रसिद्ध केली. कारकून आणि व्यापाऱ्यांच्या मुलांनी ती गिरवायची होती. लेखणीचे अक्षर कोरणीने कोरलेले आणि त्यावरून पुन्हा लेखणीने शिकायचे, ही साखळी कुंचला, शिळा, ठसा, कुंचला या चिनी साखळीची सख्खी बहीण आहे. पुढे टंकलेखन यंत्र आले, कारकुनाला सुरेख अक्षराची गरज उरली नाही आणि साखळीचा शेवटचा दुवा गळाला. 1997 साली 'बिकम' याच नावाचा देखणा फाँट ॲडोबीने काढला. त्यासाठी रिचर्ड लिप्टन यांनी केलेले काम उत्तम आहे. पण त्याच्यासमोर आता कोणी लेखणी घेऊन बसत नाही. यादीतून तो निवडला जातो. तोच कित्ता, तेच वळण. हात तेवढा गेला.

चीनमध्ये हा दुवा अधिक काळ टिकला, याचे श्रेय कोणत्या पौर्वात्य आत्म्याला नाही; परीक्षा, शाळा, कचेऱ्या आणि घरातली शिस्त यांना आहे. आणि तो तेथेही आता निसटतो आहे. कळफलकावर उच्चार टंकून अक्षर निवडण्याची सवय लागल्यापासून सुशिक्षित माणसाला ऐन लिहिण्याच्या वेळी अक्षर आठवत नाही, ही तक्रार चिनी भाषेत वाक्प्रचारासारखी रूढ आहे. 2009 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत चिनी सुलेखनाचा समावेश झाला. 2013 मध्ये शाळांतील सुलेखन-शिक्षणासाठी शासनाला मार्गदर्शक सूत्रे काढावी लागली. जे आपोआप चालते, त्यासाठी सूत्रे काढत नाहीत.

आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा कित्ता घराघरांत गिरवला जात होता. हात न उचलता धावणारी ही लिपी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूरच्या छापखान्यात खिळ्यांतही बसवली गेली. तिला खिळ्यांनी मारले नाही. गिरवणारे हात थांबले तेव्हा ती दप्तरखान्यात गेली. दुसरीकडे र. कृ. जोशी यांच्यासारखा माणूस आयुष्यभर सुलेखन करत राहिला आणि संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंकही त्यानेच घडवला. हात आणि यंत्र यांत वैर मानणाऱ्या सिद्धान्तात जोशी आणि त्साफ दोघांनाही जागा नाही. मग सिद्धान्तच बदललेला बरा.

साहित्याच्या अध्यापकांना या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य आहे. मूळ म्हणजे अस्सल आणि नक्कल म्हणजे निर्जीव, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि त्याच तासात तयार शब्दावली त्यांच्या हाती देतो. 'आत्माविष्कार', 'तेजोवलय', 'पौर्वात्य जाणीव' हे शब्द त्यांनी निवडायचे आणि उत्तरपत्रिकेत जुळवायचे. त्यांना आपण फाँट पुरवतो आणि कित्ता दिल्याचे समाधान मानतो. मोठ्या लेखकाचे एखादे वाक्य समोर ठेवून, ते कोठून सुरू झाले, कोठे दाबले, कोठे उचलले, शेजारच्या वाक्यासाठी काय सोडून दिले, हे स्वतःच्या हाताने लिहून पाहायला आपण किती जणांना सांगतो?

त्या विद्यार्थिनीला आज मी सांगेन की मूळ हस्तलिखित नाही. परंपरा म्हणते की ते एका राजाबरोबर पुरले गेले. उरल्या आहेत त्या प्रती, आणि त्या प्रतींसमोर कुंचला घेऊन बसलेली माणसे. लानतिंग जिवंत आहे ते या बसण्यामुळे. ज्या दिवशी ती माणसे उठून जातील, त्या दिवशी वांग शीझीचे अक्षरही यादीतले एक नाव होईल.